कवाडावरचं अर्धं कमळ

माझ्या हातचं यंत्र बिघडत नाही, असं मी तीस वर्षं छाती ठोकून सांगत आलो. वडगावात आमच्या घरामागच्या शेडात माझे चार पॉवरलूम होते. चारांपैकी एकालाही मी बाहेरचा मेकॅनिक लावू दिला नाही. गल्लीत म्हणायचे, सुबरावाच्या मागाला मेकॅनिकचं तोंड माहीत नाही. हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? सगळी करामत माझ्या लांब नळीच्या तेलाच्या डब्याची. तो डबा मी बायकोलासुद्धा हात लावू द्यायचो नाही.

माग गेले, शेड राहिलं. आता तिथं माझी मुलगी तेजस्वी हिचं लाकूड कोरायचं यंत्र आहे. लॅपटॉपवर नक्षी काढायची, आणि यंत्रातलं फिरतं पातं तीच नक्षी फळीवर कोरत जातं. विकतचं नव्हे हो. डिप्लोमा करून तिनं तीन वर्षं कारखान्यात नोकरी केली, मग ती सोडून सांगाड्यापासून वायरीपर्यंत सगळं स्वतः जोडलं. नोकरी सोडली तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. नवव्या दिवशी तिनं शेडाची किल्ली मागितली आणि मी मुकाट्यानं दिली.

पहिलं मोठं काम दिलं येळ्ळूरच्या मारुतीरावांनी. त्यांच्या भावकीच्या देवळाला गाभाऱ्याची दोन कवाडं हवी होती. दार मिटलं की मधोमध एक कमळ पुरं व्हायला पाहिजे, अर्धं या कवाडावर, अर्धं त्या. सागवान खानापूरच्या वखारीतून निवडून आणलेलं, एकाच झाडाच्या तीन फळ्या. पहिलं कवाड दसऱ्याआधी झालं. दृष्ट लागावी असं झालं. दसऱ्यानंतर दुसरं कोरलं आणि दोन्ही शेजारी लावून बघितली, तर कमळाचा नवा अर्धा भाग दोन सूत, म्हणजे पाव इंच खाली! एक फळी वाया गेली. आता त्या झाडाची शेवटची एक फळी उरली होती.

मारुतीराव सकाळी दहाला आले, खुर्ची ओढून बसले.

"सुबराव, पोरीला मी नावं ठेवत न्हाय," ते म्हणाले. "पण घरात जोडलेलं मशीन ते. ही शेवटची फळी मी हितं लावू देणार न्हाय. शहरात कंपनीचं मशीन हाय, तिकडं नेतो."

"मामा, दुपारपातूर थांबा," तेजू म्हणाली. "चूक सापडली न्हाय तर फळी तुमच्या रिक्षात चढवून द्यायची जबाबदारी माझी."

मारुतीराव थांबले. चहाला नाही म्हणाले, त्यावरून काय ते मला कळलं. हे काम हातचं गेलं असतं तर येळ्ळूरपासून वडगावापर्यंत एकच बोलणं झालं असतं: सुबरावाच्या पोरीचं मशीन फसलं.

तेजू कामाला लागली. मी असतो तर एव्हाना दहा स्क्रू सैल करून चार शिव्या घातल्या असत्या. ही पोरगी एका वेळी एकच गोष्ट बघायची आणि वहीत लिहायची. आधी नक्षीची फाइल तपासली, ती बरोबर होती. मग पात्याच्या जागी पेन बसवून यंत्र वीस वेळा मागं-पुढं पळवलं. वीसही वेळा पेन त्याच ठिपक्यावर आलं. मारुतीराव मान पुढं करून बघत होते.

"रिकामं पळताना चुकत न्हाय," ती म्हणाली. "लाकूड लागलं की चुकतंय. म्हंजे जोर पडला की कुठंतरी घसरतंय."

मग तिनं पातं लावून प्लायवूडचा तुकडा कोरायला घेतला आणि कान देऊन ऐकत उभी राहिली. मध्येच एक बारीक 'टक्' झालं. मला ते ऐकू आलं नाही. मागांच्या खडखडाटात माझे कान गेलेत. तिला आलं. यंत्र बंद करून तिनं उजव्या बाजूचं पत्र्याचं कव्हर काढलं. आत दातेरी रबरी पट्टा असतो, तो दातेरी चाकावरून फिरतो आणि यंत्र पुढं सरकवतो. त्या चाकाच्या खाचा काळ्या चिकट लगद्यानं गच्च भरल्या होत्या.

"ह्यानंच पट्टा वर चढून दात सोडतोय!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. बघता बघता तो उतरला. तिनं लगदा बोटांत चोळून बघितला. "भुसा आणि तेल हाय. पण हितं तेल कुठनं आलं? ह्या पट्ट्याला तेल लागतच न्हाय."

"मोटरीतनं गळत असंल," मारुतीराव उठत म्हणाले. "म्हणून म्हणलं, घरचं मशीन ते घरचंच."

"मोटरीत तेल नसतंय, मामा," ती म्हणाली, पण आवाज पडला होता. "माझंच जोडताना कायतरी चुकलं असंल."

तेल कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मागाची पूजा असते. आधी सांधान् सांधा तेलानं भिजवायचा, मगच हार घालायचा. कोरड्या यंत्राला हार घालायचा नाही, ही माझ्या वडिलांची शिकवण. यंदा त्या दिवशी मायलेकी फुलं आणायला गेल्या होत्या. मी माझा डबा घेतला आणि तेजूच्या यंत्रावर दिसेल तिथं तेल सोडलं. कव्हरच्या भोकातून नळी घालून आतही सोडलं, चांगलं पोटभर. वर कुंकू लावून नारळ फोडला आणि स्वतःवर खूश झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. आणि ही पोरगी टाचणीनं खाचा उकरत स्वतःची नसलेली चूक शोधत बसली असती.

"तेल मी घातलंय," मी म्हणालो. जरा ओरडूनच म्हणालो. "मारुतीराव, मशीन गळत न्हाय. मशीनात खोट न्हाय आणि पोरीतबी न्हाय. खंडेनवमीला मी मागाला घालतो तसं ह्याला तेल घातलं. खोट माझी."

मारुतीराव परत खुर्चीत बसले.

"आप्पा, रबरी पट्ट्याला तेल?" तेजू उसळली. "एक फळी गेली की वो! एका शब्दानं विचारायचं तरी!"

"व्हय. चुकलं माझं," मी म्हणालो. त्या शेडात हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले असतील.

तिनं खाचांतला लगदा उकरून काढला. चाक स्पिरिटनं धुतलं, जवळचा नवा पट्टा चढवला, प्लायवूडवर अर्धं कमळ कोरलं आणि पहिल्या कवाडाला लावलं. पाकळीला पाकळी भिडली. मारुतीरावांनी जोडावरून अंगठा फिरवला, मग चष्मा लावून बघितलं. मग स्वतः उठून सागवानाची शेवटची फळी यंत्रावर ठेवली.

"लाव," ते म्हणाले. "आणि सुबराव, आता चहा सांगा."

दिवस मावळायच्या आत कवाड झालं. दोन्ही जोडून उभी केली, तर कमळ असं पुरं झालं की सांधा कुठं आहे ते शोधावं लागत होतं. मला अभिमान वाटला. माझ्या चारही मागांचा मिळून कधी वाटला नव्हता एवढा वाटला.

"सुबराव, आमच्या गिरणीचा पट्टा महिनाभर सारखा उतरतोय," मारुतीराव म्हणाले. "लई जणांनी बघितलं, कुणाला सापडंना. तुमी मेकॅनिक दारात येऊ देत न्हाय हे ठाऊक हाय, पण कोण चांगला असला तर सांगा."

"ही काय, समोर उभी हाय," मी म्हणालो. "आमची मेकॅनिक."

तेजू भुसा झाडत होती. तिनं मान वर न करता हात पुढं केला. "आप्पा, तेलाचा डबा आधी हिकडं द्या."

तीस वर्षांत तो डबा मी कुणाच्या हाती दिला नव्हता. आज दिला.