चीज म्हणजे दूध नव्हे

झोफिया गाय्दोशोवाचं पत्र आलं, तेव्हा त्याचं उत्तर डॉक्टर व्हेंडेलीन क्रुपांच्या टेबलावरच होतं. तरी अकरा वर्षांत त्यांनी ते तिला कळवलं नाही.

वहीच्या फाडलेल्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘माझी बहीण आग्नेशा रानात कधी जायची नाही, तिला गोचीड कुठून चावणार? त्या रविवारी ती माझ्याकडे जेवली. लोक म्हणतात, माझ्या चीजनं तिचा जीव घेतला. तेच चीज मीही खाल्लं, मग मी कशी जिवंत? खरं काय ते सांगा.’

गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वरावर क्रुपांनी उभी हयात घालवली होती. त्या वर्षी मे महिन्यात ह्राबोवा गावात एक सुतार या तापानं आजारी पडला, म्हणून ते कोशित्से शहरातून प्रश्नावली घेऊन गेले. सुताराच्या शेजारीच झोफियाचं घर. तिचं आणि तिच्या शेळ्यांचं रक्त घेऊन झाल्यावर ते स्वयंपाकघरात बसले.

“शेळीचं कच्चं दूध पिता का?” त्यांनी कागदाकडे बघतच विचारलं. माणसांकडे बघून प्रश्न विचारणं त्यांना कधी जमलंच नाही.

“इश्श! दूध करडांनी प्यावं. मी काय करडू दिसते तुम्हाला, डॉक्टर?”

क्रुपांनी ‘नाही’ असं लिहिलं. तिनं पांढऱ्याशुभ्र ताज्या चीजचा गोळा कापून त्यांच्यापुढे ठेवला. “खा हो. किती वाळलात! तुमच्या शहरात जेवायला घालतात की नुसती पुस्तकंच वाचायला देतात?”

भिडेखातर त्यांनी दोन तुकडे खाल्ले. दूध न तापवताच ते चीज करतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रश्न दुधाचा होता आणि ह्राबोव्यात चीजला कुणी दूध म्हणत नाही. त्यांनी लस घेतलेली होती, त्यांना काही झालं नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी आग्नेशा तिथे जेवली आणि महिनाभरात गेली.

तोवर तपासण्या झाल्या होत्या. एका शेळीच्या रक्तात नुकतीच तयार झालेली प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तिला गोचीड चावली होती आणि त्या दिवसांत तिच्या दुधातून विषाणू उतरत होता. झोफियाच्या रक्तातली प्रतिपिंडं मात्र जुनी होती. कधीतरी हा आजार तिच्या नकळत येऊन गेला होता आणि जाताना तिला संरक्षण देऊन गेला होता. क्रुपांनी यावर निबंध लिहिला. तो परदेशांतही वाचला गेला. प्रश्नावलीत ‘दूध’च्या पुढे ‘किंवा त्याचं चीज’ असे शब्द आले.

या सप्टेंबरात राद्काचा फोन आला. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता प्रयोगशाळेची प्रमुख.

“सर, ह्राबोव्याला जाऊन आले. ती झोफियाआजी विचारत होती, तो लाजाळू डॉक्टर आहे का गेला?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आहेत, पुस्तकांखाली दबलेत. पण सर, भाचे तिच्या दारातसुद्धा उभे राहत नाहीत हो. विष घातलंस म्हणतात. तुम्ही लिहिलं होतं ना तिला?”

“लिहितोय.”

“अकरा वर्षं?”

क्रुपांनी फोन ठेवला.

पहिल्या मसुद्यात ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य तीनदा आलं. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात शेळीच्या प्रतिकारशक्तीवर दोन पानं खर्ची पडली. आपण अजूनही तिच्याकडे न बघता कागदाकडेच बघतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. खरं कळून ती खचली तर? आणि न कळताच मेली तर?

शेवटी एकच पान उरलं. ‘झोफियाताई, आग्नेशाला आजार तुमच्या चीजमधूनच झाला. तुम्हाला हा आजार आधी होऊन गेला होता, म्हणून तुम्ही वाचलात. दूध उकळायला हवं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. मी कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि मग तुमचं चीज खाल्लं. त्याच दिवशी नीट विचारलं असतं, तर आग्नेशा कदाचित वाचली असती. हे पत्र भाच्यांना दाखवा. त्यांना कुणाला बोलायचंच असेल, तर खाली माझा पत्ता आहे.’

पोस्टातली बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, “साधं पाठवायचं की रजिस्टर, आजोबा?”

“रजिस्टर.”

“घाईचं आहे?”

क्रुपांनी सुटे पैसे मोजून तिच्यापुढे ठेवले. तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.