जेवणाचा कोट

योहान एसटीतून उतरला तेव्हा दिवस कलला होता. फाट्यावर शेजारची राहीबाई उभी होती, दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली, केसांवर पांढरी धूळ. पुढं येऊन तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि तेवढ्यावरूनच तो समजला.

"कवा?"

"पहाटं. समदी तुझीच वाट बघत्यात. आन् खड्डा बी अजून व्हायचाय. मुरूम लागलाय, पहार आत शिरंना."

पाथर्डीच्या पुढं त्या वाडीत यशया मास्तरांनी सारी हयात मिशनच्या शाळेत मुलं शिकवली होती. थंडीपासून ते खोकत होते. त्यांचा एकुलता मुलगा योहान नगरला लष्कराच्या मेसमध्ये साहेब लोकांना जेवण वाढायचा. एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटण हलली, मेस बंद झाली आणि तो घरी आला. वरून पावसानं सलग पाठ फिरवली. आई एलिझाबाई खडीवर जायला लागली. तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या भुकटीवर आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर तिघं दिवस काढत होती. अशात मेसच्या जुन्या खानसाम्याचा निरोप आला, की तो आता परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर आहे, जेवणघरात माणूस हवाय, लगेच मुंबईला ये.

मुंबईत बोटीच्या माणसानं योहानला बश्या उचलायला लावल्या, त्याची नखं बघितली आणि त्याला पसंत केलं. मग म्हणाला, "एक गोष्ट. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे काळा कोट लागतो, गळपट्टी रेशमी. कोट नसेल तर पैसे भरलेल्या उतारूलाही आत घेत नाही, मग वाढणाऱ्याची काय कथा. पहिल्या फेरीला ज्यानं त्यानं आपला आणायचा. शनिवारी बोट सुटते. शुक्रवारी कोट घेऊन आलास तर तू, नाहीतर तुझ्यामागं उभा आहे तो."

योहानला हायसं वाटलं होतं. तसा कोट त्याच्या घरी होता. पूर्वी कधीतरी एक गोरा पाद्री मायदेशी जाताना मास्तरांना तो देऊन गेला होता. मास्तर त्यातच लग्नाला उभे राहिले, त्यातच दर नाताळला उपदेश करायचे. मेसमध्ये लागल्यावर योहानला कळलं, की बाबा देवाच्या घरात घालतात तो साहेबांचा रात्री जेवायचा कोट आहे. त्यानं बाबांना हे कधी सांगितलं नाही. बाबांकडं कोट मागायचा, पहिल्या फेरीहून आल्यावर परत द्यायचा, असं ठरवून तो गाडीत बसला होता.

घरात मास्तर बाजेवर निजवलेले होते. अंगात काळा कोट, काळी विजार, हात छातीवर एकावर एक ठेवलेले. "मला ह्याच कोटात ठेवा," असं ते कितीदा म्हणाले होते, आणि चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचा शब्द राखला होता. योहान पायाशी बसला. त्याला रडू येत होतं आणि रडता रडता त्याची नजर त्या रेशमी गळपट्टीवर जात होती. आपली आपल्यालाच शिसारी येऊन त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

माणसं खड्ड्याकडं गेल्यावर आई जवळ आली.

"कामाचं काय झालं?"

"न्हाई झालं."

"माझ्याकडं बघून सांग."

तो बघू शकला नाही. मग त्यानं सगळं सांगितलं.

एलिझाबाईनं बाजेकडं बघितलं. "दुसरा कुठं मिळंल?"

"नगरात एखाद्या साहेबाकडं असंल. मला कोन देतंय? शिवायला टाकला तर शुक्रवार निघून जाईल, उद्या दुपारचीच गाडी गाठायची. ऱ्हाऊ दे आई. मी येतो उद्यापासून खडीवर."

"खडी पावसापतूर. पुढं?" ती म्हणाली. मग उठली, नवऱ्याच्या उशाशी गेली आणि त्यांचा वरचा हात उचलायला लागली. हात उचलला गेला नाही. लाकडासारखा ताठ झाला होता.

"आई!"

"तू गप. वाडीतली किती मढी मी धुतल्यात. हे ताठलेलं अंग उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सैल पडतं. पर कवा पडंल ते सांगता येत न्हाई."

योहान पुटपुटला, "पाठीवर शिवण उसवली तर..."

"उसवलेला चालंल तिथं?"



सकाळी खड्डा तयार झाल्याचं सांगत वडीलधारी मंडळी आली. पुढं पुंजाराम होता, मास्तरांचा जन्माचा सोबती. एलिझाबाई दारात उभी राहिली.

"दुपारपतूर थांबा."

"दुपारपतूर?" पुंजारामला कळेना. "एलिझाबाई, ऊन बघा. माश्या बघा. पोरगं तर आलंय, आता कुनासाठी थांबायचं?"

तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. ऐकता ऐकता पुंजारामचा चेहरा उतरत गेला.

"मढ्याच्या अंगावरचा काढनार? त्यानं मागून घेतलेला? आन् त्याला काय उघडा धाडनार?"

"माझं लग्नाचं पांढरं लुगडं हाय."

"वर देवाच्या मेजवानीला मानूस बायकोच्या लुगड्यात जातो का? दारावरनंच परत लावतील. मी उभा राहून त्याला कोट घातलाय, बाई. मी न्हाई काढू देनार."

"मग माझ्या पोराला तुमी घाला खायला," ती ओरडली. तिला असं ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं. "माझा नवरा गेला. लेकरू बी ह्या मुरमात गाडू व्हय? घाला की खायला, घेता का पदरात?"

त्यांच्या घरी तरी काय होतं? पुंजाराम मान खाली घालून अंगणातल्या वाळल्या लिंबाखाली जाऊन बसला. बाकीचे त्याच्यामागं गेले.

एलिझाबाईनं दार लोटून घेतलं. मायलेक मास्तरांच्या दोन बाजूंना बसले. ती त्यांचे खांदे चोळत होती, कोपरं चोळत होती, तळव्यांनी, न थांबता. योहाननं दुसरा हात धरला. बाबांचा हात असा कितीतरी वर्षांत त्यानं धरला नव्हता. पत्र्याखाली आग पेटल्यासारखं झालं. खोलीत वास धरायला लागला. बाहेर कुणी खाकरलं की दोघांचे हात थबकत.

"आई, पुरं. गाडीची येळ झाली. जाऊ दे."

"चोळ."

"ह्यांना दुखत असंल."

"ह्यांचं दुखायचं सरलं," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याच्या कानाशी वाकून हळू म्हणाली, "मास्तर, सोडा की. पोरासाठी सोडा."

आधी बोटं सुटली. मग कोपर वाकलं. उजवी बाही निघाली, पण डावा खांदा अडून राहिला. तिनं डोळे मिटून तो मागं ओढला, आतून कडकन आवाज झाला, आणि योहान तोंडावर हात दाबून भिंतीला टेकला. कोट सुटला होता.

धुवायला पाणी नव्हतं. टँकर परवा येणार होता. तिनं कोट उलटा करून झटकला, विजारीसकट घडी घातली, वर चुलीतली राख भुरभुरली आणि पिशवीत भरला.

"पळ."

"माती देऊन जातो."

"गाडी जाईल. मी देते तुझ्या नावाची. पळ!"

तो पळाला. लिंबाखालच्या माणसांकडं त्यानं बघितलं नाही. फाट्यावर राहीबाईनं कंडक्टरशी भांडून एसटी अडवून धरली होती. वळणावरून त्याला लांब माळावर मातीचा ढीग दिसला आणि मग तोही दिसेनासा झाला.

यशया मास्तरांना पांढऱ्या लुगड्यात पुरलं. पुंजारामनं प्रार्थना म्हटली. पण त्यानं दिलेली मूठमाती खड्ड्याबाहेरच पडली.

योहानला बोटीवर घेतलं. पहिले काही दिवस त्याला स्वतःच्या अंगाचा वास येत राहिला, दुसऱ्या कुणाला तो आला नाही. त्याच्या पगारावर घर उभं राहिलं. एलिझाबाईचं खडीवर जाणं सुटलं. पण पुढच्या नाताळला तो घरी आला तेव्हा आई त्याला ओळखू येईना, इतकी वाळली होती. राहीबाईनं सांगितलं, की ती मिशनच्या देवळात जाते, पण प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या वेळी उठून बाहेर पायरीवर बसते. पाळकसाहेबांनी समजावलं, खुद्द पुंजाराम हात जोडून गेला, तरी ती आत आली नाही.

संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिनं विचारलं, "तिथं खरंच कोटाबिगर जेवू देत न्हाईत?"

"न्हाई."

"कुनालाच?"

"एक म्हातारा हुता आफ्रिकेहून आलेला. त्याची पेटी हरवली. साध्या सदऱ्यावर आला. दारावरच्या साहेबानं परत लावला."

एलिझाबाईचा हात परातीत थांबला. "त्यो मोठा मानूस हुता?"

"साधाच. मास्तर हुता म्हनं कुठं."

"मग उपाशी निजला?"

"न्हाई. त्याच्या खोलीत नेऊन दिलं मी."

"कुनी सांगितलं हुतं?"

"कुनी न्हाई."

ती त्याच्याकडं बघत राहिली. जाळ चुलीबाहेर आला होता, तो तिनं आत सारला नाही.

"काय काय नेलंस?"

"समदं. आत जे वाढलं ते समदं."

"गरम हुतं?"

"व्हय. झाकून नेलं हुतं."

एलिझाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. नवरा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. योहान उठून तिच्याजवळ बसला. तवा तापून धूर काढायला लागला, तरी दोघांपैकी कुणी तो उतरवला नाही.