साठ मीटरचा दोर आणि एक मऊ जागा

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, पण मला बिचारा म्हणायचं नाही हं. चांगला साठ मीटर लांब होतो मी. रियुनियन बेटावरच्या रानात, खोल घळीतल्या धबधब्यांवरून माणसं खाली उतरवायचो. चार वर्षं भिजलो, चिखलात लोळलो, पण एकालाही पडू दिलं नाही.

माझी मालकीण ओनोरीन. एक माणूस उतरला की ती मला वीतभर पुढे सोडते, म्हणजे कड्याच्या धारेवर सारखी तीच जागा घासत नाही. तिचा धाकटा भाऊ ल्युदो मात्र बोलघेवडा. शनिवारी त्याने सहा जण उतरवले आणि गप्पांच्या नादात मला एकदाही सरकवलं नाही. सहाही जण एकाच जागेवर! असं झोंबलं म्हणून सांगू!

रविवारी सकाळी, निघायच्या आधी, ओनोरीनने मला नेहमीसारखं बोटांतून सरकवायला घेतलं. मध्येच तिची बोटं थांबली.

"ल्युदो, काल दोर सरकवत होतास ना?"

"हो की. बहुतेक."

"बहुतेक? हात लाव इथे. पिकलेलं केळं लागतंय."

"ताई, वरून साधा ओरखडा नाही. एवढा लांब दुसरा दोर नाही आपल्याकडे. आजचा दिवस काढू."

"मग पहिला तू उतर."

धबधबा उतरायला आलेला एक पाहुणा कुरकुरला, "आम्ही मोठ्या धबधब्यासाठी इतक्या लांबून आलोय हो."

"म्हणूनच धड परत पाठवायचंय," ओनोरीन म्हणाली आणि तिने चाकू काढला.

मी घाबरलो नाही. मनात म्हटलं, काप बाई, नाहीतर तुझी पाठ वळली की हा मलाच बांधेल. अडतीस मीटर इकडे, एकवीस तिकडे. मधला मीटरभर तुकडा तिने भावाच्या हातात ठेवला. "घे, कमरेला बांधून मिरव."

त्याने तो उसवून बघितला. आतले धागे कापसासारखे तुटून हातात आले. ल्युदोचा चेहरा उतरला. मग तो स्वतःच पाहुण्यांकडे गेला. "चूक माझी आहे," म्हणाला. "आज छोट्या घळीत जाऊ."

आता अडतीस मीटरच्या माझ्या वाट्याला मोठा धबधबा नाही. कुणी म्हणतं, अर्धामुर्धा दोर, काय कामाचा? छोट्या घळीत येऊन बघा म्हणावं, रोज माणसं उतरवतोय. मित्रांनो, मला कपाटात जपून ठेवा असं माझं मागणं नाही. भिजवा, घासा, खुशाल राबवा. फक्त रोज माझ्यावरून हात फिरवा. आणि कुठे मऊ लागलो, तर 'चालतंय' म्हणू नका. सरळ कापा.