पडद्यातला भाऊ

गिरजाबाईचा संसार एका पेशीत होता आणि तिचा धाकटा भाऊ धोंडू त्याच पेशीच्या पडद्यात प्रथिन म्हणून कामाला लागला होता. कमरेच्या वरचा बाहेर, खालचा आत. काम सोपं होतं. बाहेर अन्न दिसलं की आत टाच आपटायची. टाच वाजत असेतो चुलीमागची झोळी घडी होऊन पडून राही. टाच थांबली की झोळी उठे, घरातलं मोडकंतोडकं पोटात घेई आणि त्याचं पीठ करून देई. त्या पिठावर घर तगे. कुणाची तक्रार नव्हती.

एकदा बाहेरचं अन्न आटलं. झोळीनं तडकलेला वरवंटा नेला, मग तीन पायांची बाज. भाकरी बऱ्या झाल्या. मग ती गिरजाबाईच्या नवऱ्याजवळ, सखारामजवळ गेली आणि त्याचा अधू पाय चाचपू लागली.

"माझं माप घेतेय गं ही," सखाराम म्हणाला.

गिरजाबाईनं पडद्याला तोंड लावलं. "धोंडू, टाच वाजव."

"बाहेर काही नाही, आक्का."

"असल्यासारखी वाजव."

"दाजींसाठी? कानपिळीला साधी टोपी दिली नव्हती त्यांनी."

"आता देतील. वाजव."

धोंडूनं टाच आपटली. झोळी निमूट घडी झाली.

मग अन्नही नाही आणि पीठही नाही. मोडकं साचत गेलं. जातं फुटलं, ते तिथंच राहिलं. दार अडलं. नवराबायको ढिगाऱ्यातच अंग मुडपून निजू लागली. टाच वाजतच होती, पण दिवसेंदिवस हलकी. एका दुपारी ती मडक्यासारखी फुटली.

झोळी उठली. सखारामकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ पडद्याशी गेली आणि धोंडूला आत ओढून घेतलं.

"आक्का, बाहेर खरंच काही नव्हतं," तो झोळीतून म्हणाला.

पीठ पांढरंशुभ्र निघालं. गिरजाबाईनं भाकरी थापली. दोघांनी खाल्ली.

पडद्याला माणसाएवढं भोक राहिलं होतं. त्यातून घर बाहेर गळू लागलं. आधी राख, मग उजेड. गिरजाबाईनं पदर खोचला आणि भोकात कमरेपर्यंत शिरली. भोक तिच्याभोवती आवळलं. नजर पोचेतो बाहेर काही नव्हतं.

मागं झोळी उलगडल्याचा आवाज आला.

"गिरजे," सखाराम म्हणाला, "टाच."

तिनं टाच उचलली.