दर तिसऱ्या चित्राला

परवा कॉलेजमधून पुन्हा फोन आला. नव्या मुलांना तुमची पहिली ॲनिमेशन फिल्म दाखवतोय, चार शब्द बोलायला या. मी नाही म्हटलं. "असं काय करता मॅडम, किती गोड आहे हो ती!" गोड! त्या फिल्मला कुणी गोड म्हटलं की मला तिथे थांबवत नाही.

तीन मिनिटांची फिल्म. एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू निखळतो. तो बसवायचा तर दिसायला हवं, आणि दिसायला चष्मा हवा. संपली गोष्ट. म्हातारा टेबलावर वाकून तो मुंगीएवढा स्क्रू भोकात घालायला बघतो, हात थरथरतो, स्क्रू पडतो, पुन्हा तेच. लोक हसून हसून बेजार होतात. बाकी काम विचाराल तर भिकार. म्हाताऱ्याचे कान दर दृश्यात लहानमोठे होतात, टेबलाचा एक पाय मधेच गायब होतो, आणि संगीत म्हणजे माझ्या मैत्रिणीने माउथ ऑर्गनवर काढलेलं रडगाणं. शिकत होते, चालायचंच. त्या अख्ख्या फिल्ममध्ये एकच गोष्ट उत्तम आहे, तो हात. आणि मला शिसारी येते ती त्याचीच.

तो हात माझ्या बाबांचा.

बाबा चष्म्याच्या दुकानात कारागीर होते. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, काड्यांचे स्क्रू आवळायचे. सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीत. "हिचाही धंदा फ्रेमचा, माझाही फ्रेमचा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मला म्हाताऱ्याची हालचाल काही केल्या जमेना, तेव्हा मी त्यांनाच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि समोर कॅमेरा लावला. त्यांनी कोपरं टेबलावर घट्ट रोवली आणि एका फटक्यात स्क्रू बसवला.

"अहो बाबा, असा बसला तर फिल्म कशाची करू? कोपरं उचला."

"कोपरं राहू दे गं, ठमाबाई."

"उचला म्हणते ना!"

उचलली. हात थरथरायला लागला. मी खूश. वा, काय ॲक्टिंग! आठ वेळा करायला लावलं. आठव्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मी अक्कलशून्य कार्टी त्यांना सांगतेय, जरा अजून जोरात.

मग गिरवण्याचं काम. सेकंदाला बारा चित्रं. व्हिडिओतली एकेक फ्रेम छापायची, खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवायची आणि वर कोरा कागद टाकून गिरवायची. मान मोडून जाते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की दर तिसऱ्या चित्राला हात पुन्हा त्याच जागी येतोय. आठही वेळा. माणूस नाटक करतो तेव्हा कुठेतरी कमीजास्त होतं. हे घड्याळासारखं चाललं होतं. ती ॲक्टिंग नव्हतीच.

मी तडक घरी जाऊन विचारलं. बाबांनी आधी थट्टेवारी नेलं, मग उठून दार लोटून घेतलं. "दोन वर्षं झाली. कोपरं टेकली की कळत नाही कुणाला. पण मालकांच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची जाईल. डोळ्यांचं काम आहे बाळ, थरथरत्या हातात काच कोण देईल? आईलासुद्धा बोलू नकोस."

"नाही बोलणार. शप्पथ. आणि तो हात मी बदलून टाकते."

"छे, बदलू नकोस. चांगला आलाय म्हणतेस ना? चित्रातला हात माझा आहे हे कुणाला कळणार?"

खरंच कळलं नसतं. मी गप्प बसायचं होतं, एवढंच माझ्याकडे काम होतं.

कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवली त्या दुपारी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि लेकीचं कौतुक दाखवायला मालकांनाही घेऊन आले. तिसऱ्या रांगेत दोघं शेजारीशेजारी बसले. फिल्म संपली, पहिलं बक्षीस मला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. सरांनी स्टेजवर माझ्यापुढे माईक धरला. "हा हात इतका खरा कसा काढलास गं? कल्पनेतून?"

निरीक्षणातून, म्हणायचं. एक शब्द. अगदी ओठावर आला होता. पण टाळ्या ओसरायला लागल्या होत्या आणि मला त्या अजून हव्या होत्या. दुसरं काही कारण नाही. इतकी वर्षं शोधतेय, सापडलं नाही. हपापले होते नुसती. शी!

"माझ्या बाबांचा हात आहे तो," मी तोंड वर करून सांगितलं. "जसाच्या तसा! तिथे बसलेत बघा."

अख्खा हॉल वळला. बाबांनी दोन्ही हात काखेत दडपले होते. "काका, उभे राहा!" "काका, हात दाखवा!" बाबा उठले. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर मी आज जरा माणसासारखी झोपले असते. मग त्यांनी उजवा हात काढला आणि वर धरला. तो थरथरत होता. लोकांना वाटलं, काका फिल्ममधल्या म्हाताऱ्याची नक्कल करतायत. हॉल खदाखदा हसला. मीही हसले, माईकसमोर, दात काढून. मालक मात्र हसले नाहीत. एखादी फ्रेम वाकडी आहे का ते उजेडात धरून बघावं, तसे ते बाबांच्या हाताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाबा रोजच्या वेळेला डबा घेऊन निघाले आणि अकराच्या आत परत आले. डबा तसाच भरलेला. काय झालं, बरं वाटत नाही का, आई विचारत राहिली. बाबांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे बघून हसले.

"मालकांनी फार कौतुक केलं तुझं," ते म्हणाले. "हात अगदी खरा काढलाय, म्हणाले."