घड्याळवाल्या काकूंचा जिना

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता चौकातल्या दुकानाचा आतला जिना काढला. बारा पायऱ्यांपैकी खालच्या नऊ गेल्या, वरच्या तीन भिंतीला धरून राहिल्या. घड्याळवाल्या काकू त्या वेळी वरच्या खोलीत उशीला अभ्रा घालत होत्या.

हातोडे आठपासूनच चालू होते. काकूंनी वाकूनही पाहिलं नव्हतं. नवा मालक आला की आधी काहीतरी फोडतो, हे त्यांना पाठ होतं. औषधवाल्याने ओटा फोडला होता, चपलांच्या दुकानदाराने लाकडी कपाटं. फोटोवाल्याने खिडकी विटांनी बुजवली आणि त्याच्यानंतर आलेल्या टायपिंग क्लासवाल्याने ती पुन्हा उघडली. मोबाइलवाल्याने नुसती फरशी उखडली. चार दिवसांत धूळ खाली बसायची, मग काकू पिशवी घेऊन उतरायच्या आणि नव्या धंद्यातून वाट काढत बाजारात जायच्या.

त्यांच्या घराला दुसरा रस्ता नव्हता. खाली पूर्वी नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आजारपणात त्याने तळमजला औषधवाल्याला विकला. वरचा मजला स्वतःकडे ठेवला. कागदात जिन्याचा उल्लेख आला नाही. कोणीतरी तसं म्हणालं, तेव्हा तो हसला होता. जिना काय पळून जाणार आहे?

तेव्हापासून काकू धंद्याधंद्यातून ये-जा करत आल्या. चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पाय ओलांडून, फोटोवाल्याकडे पडद्यामागे उभं राहून, "झालं, जा आता" म्हणेपर्यंत. क्लास चालू असला की चपला हातात घेऊन. प्रत्येक विक्रीच्या वेळी जुना मालक नव्याला घेऊन वर यायचा. पाणी प्यायचा. म्हणायचा, "या काकू. शटरची एक किल्ली यांच्याकडे असते." एवढ्यावर भागायचं.

या वेळी मोबाइलवाल्याने गाव सोडलं आणि व्यवहार दलालामार्फत फोनवरच उरकला. वर कोणीच आलं नाही.

काकू अभ्रा घालून झाल्यावर पायऱ्यांपाशी आल्या. खाली ठेकेदार मापाची पट्टी घेऊन उभा होता. त्याने वर पाहिलं आणि पट्टी हातातून सुटली.

"वर कोणी राहतं?"

"मी राहते."

"कधीपासून?"

"एक्केचाळीस वर्षं."

"मला कोणी सांगितलं नाही हो."

"एक हाक मारायची होती."

"आजी, नकाशात वर गोडाऊन लिहिलंय. गोडाऊनला कोण हाक मारतं?"

काकूंना राग यायला हवा होता. त्या थोडा वेळ वाट पाहत उभ्या राहिल्या. आला नाही. त्या आत गेल्या, धूळ पडलेलं दूध ओतून दिलं, पातेलं घासलं.

पाऊण वाजता शिडी आली. चार जण ती धरून उभे राहिले.

"उतरा सावकाश. आम्ही आहोत."

"आणि चढायचं कसं?"

"ते नंतर बघू."

"मग उतरायचंही नंतर बघू," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. समोरच्या शिंप्याने तिला कळवलं होतं.

"आई, तू आधी खाली ये. मग भांडू त्यांच्याशी."

"खाली आले की भांडायला वर काय उरेल?"

"तुझ्या गुडघ्यांचं काय?"

"तेही माझ्याबरोबर वरच आहेत."

लेक रडायला लागली. काकूंनी तिचं रडणं संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला आणि मग जेवलीस का विचारलं.

बुधवारी दलाल आला. त्याने शिडीच्या तीन पायऱ्या चढून गोड बोलून पाहिलं. "काकू, हट्ट सोडा. मालक देवमाणूस आहे."

"मग त्याला वर पाठव."

"शिडीने?"

"जिना त्यानेच काढलाय ना?"

खाली कोणीतरी फिसकन हसलं. दलालाने फोन लावून वर दिला. मालकाचा आवाज तरुण आणि फार नम्र होता. तिथे तयार कपड्यांचं दुकान होणार होतं, जिन्याच्या जागी कपडे घालून बघायच्या दोन खोल्या.

"काकू, वरचा मजला तुमचाच आहे. मी कधी नाही म्हणालो?"

"मग मी जायचं कुठून?"

"ते मी कसं सांगणार? जिना माझ्या जागेत होता, इतकंच. तुमच्याकडे कागद असेल तर दाखवा ना."

काकूंनी ट्रंक उघडली. वरच्या मजल्याची घरपट्टी होती, वीजबिलं होती, खरेदीखताची नक्कल होती. नक्कल त्यांनी खिडकीपाशी बसून दोनदा वाचली. चारी बाजूंच्या भिंती लिहिल्या होत्या, मोरीसुद्धा लिहिली होती.

शिंपी रोज दोरीला पिशवी बांधायचा आणि काकू ती रस्त्याकडच्या खिडकीतून ओढून घ्यायच्या. दूध, पाव, रक्तदाबाच्या गोळ्या. "काकू, एकदम राणीचा थाट आहे तुमचा," तो खालून ओरडायचा. "राणीने कचरा कुठे टाकायचा ते सांग," काकू वरून म्हणायच्या, आणि कचऱ्याची पिशवी त्याच दोरीने खाली जायची.

शुक्रवारी नगरपालिकेचा माणूस आला. त्याने खालून मापं घेतली, शिडीवर चढून काकूंची सही घेतली. "राहता आहात, हे मी लिहितो," तो म्हणाला. "जिना कोणाचा, ते मला लिहिता येत नाही. सोमवारी साहेब बघतील." जाता जाता त्याने विचारलं, "दरम्यान तुम्ही खाली आलात, तर मग 'राहता आहात' असं मी कसं लिहू?"

"म्हणून तर आले नाही," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी खालच्या छताला प्लायवूड मारायला सुरुवात झाली. काकू वरच्या तीन पायऱ्यांपैकी मधल्या पायरीवर येऊन बसल्या. दुपारी साडेचारला काम जिन्याच्या भोकाच्या कडेपर्यंत आलं. भोक बुजवायचा शेवटचा तुकडा कापून भिंतीला टेकवून ठेवला होता.

"आजी, पाय वर घ्या," ठेकेदार म्हणाला.

काकूंनी घेतले नाहीत.

तो बाहेर जाऊन मालकाशी फोनवर बोलून आला. मालक म्हणाला होता, सोमवारपर्यंत थांबायचं की नाही ते रात्री कळवतो. पाच वाजता कारागीर गेले. तुकडा तिथेच होता. शिडी ठेकेदाराने टेम्पोत टाकली, दुसऱ्या कामावर लागणार होती.