दारातली चटई

अबीरतने चामड्याचा पट्टा दातांत घट्ट धरला आणि बाळंतपणाची कळ गिळली. दाराबाहेर पहारेकरी अम्मनस चटई टाकून बसला होता, मांडीवर मुलगा जन्मताच फुंकायचं शिंग. नवा राजा गादीवर आला त्याच दिवशी तिमना शहरातल्या सरदारांच्या गरोदर बायकांची यादी झाली आणि एकेकीच्या दारात असा एकेक माणूस येऊन बसला. त्यानंतर सरदारांच्या घरांत जो पहिला मुलगा जन्मेल तो पुढचा राजा. राजाच्या पोटच्या पोरांना गादी नाही. मग राण्यांनी त्या परक्या पोराकडे कोणत्या नजरेने बघावं?

"आत्या, शिंग वाजलं का कुठे?"

"नाही गं अजून," बरत आत्या म्हणाली. ही तिच्या बापाची बहीण. सुईणपणातच तिचे केस पिकले होते.

"मग आत्ताच नको होऊ देऊ."

"बाळंतपण काय माझ्या मुठीत आहे?"

दाराबाहेरून सासू ओरडली, "जोर लाव! राजमाता होशील!"

"राजमाता म्हणे!" आत्या पुटपुटली. "पोर नेतात, आईला कोण विचारतं? माझ्या हातचं एक नेलं होतं. दहाव्या दिवशी ताप आला म्हणाले."

"मग?"

"मग काय. वाड्याने आपलं बघून घेतलं."

मुलगा झाला. रडण्यासाठी त्याने तोंड उघडलं, तोच अबीरतने त्याला छातीशी लावलं. आत्याने नाळ कापली. दोघी श्वास रोखून बसल्या. बाळ चुटुचुटु पीत राहिलं.

बऱ्याच वेळाने दक्षिण वेशीकडून शिंग वाजलं.

अबीरत रडता रडता हसली. त्या दुसऱ्या आईची तिला फार दया आली, पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता. तिने बाळाला बाजूला केलं. त्याने टाहो फोडला.

"मुलगा?" अम्मनसने बाहेरून विचारलं.

"मुलगाच! उशिरा आला, शहाणा आहे," आत्या म्हणाली.

अम्मनसने खजुरीच्या काडीवर काहीतरी कोरलं.

दुसऱ्या दिवशीही तो चटईवरच होता.

"अरे बाबा, वाजलं ना शिंग? बायको वाट बघत असेल, जा की," आत्याने त्याला छेडलं.

"जाईन, आजी. हुकूम आला की जाईन."

अबीरतने त्याला रोज भाकरी आणि खजूर पाठवले. बिचारा उन्हात बसायचा.

नवव्या दिवशी दुपारी वाड्याकडून बायकांचा आक्रोश ऐकू आला. अम्मनस उठला, चटई झटकली, गुंडाळली. निघाला एकदाचा, असं वाटून अबीरतने वाटेसाठी खजूर बांधले आणि दाराशी आली.

त्याने ते घेतले नाहीत.

"बाईसाहेब, बाळाचे कपडे बांधा."

"माझा दुसरा आहे! शिंग आधी तिकडे वाजलं!"

"म्हणून तर बसलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "आजचा राजा तरी कुठे पहिला होता?"

आत बाळ रडू लागलं. अबीरतने धावत जाऊन त्याला छातीशी लावलं. या वेळी ते गप्प राहीना.